जर्मन जावई गणपतीला घरी येतोय. सी फॉर्म आम्हालाही भरावा लागेल का?

निवृत्तबाई:
नमस्कार मंडळी. मी सिंधुदुर्गातली, प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेली बाई. लेक म्युनिकला असते, तिथल्याच मुलाशी लग्न केलं. जावई पहिल्यांदाच घरी येतोय, तोही चतुर्थीला. ई-टुरिस्ट व्हिसा आहे. मुंबईला उतरून कोकणकन्येने कुडाळ. (तिकिटं कशी मिळाली ते विचारू नका.) यंदा माटवी (गणपतीवर टांगायची फळा-पानांची चौकट) जावई बांधणार, असं ह्यांनी सगळ्या वाडीला सांगून ठेवलंय.

परवा शेजारचा होमस्टेवाला सहज म्हणाला, "बाई, सी फॉर्मचं बघितलात काय?" परदेशी माणूस मुक्कामाला आला की इमिग्रेशनला ऑनलाइन कळवायचं म्हणे. ह्यांना सांगितलं तर भडकले, "जावयाची खबर पोलिसांक देवची?"

आमचं राहतं घर आहे, लॉज नाही. जावयाकडून भाडं थोडंच घेणार? तरीही भरायचा? आणि कोणी, लेकीने की आम्ही?

तारकर्लीचा_खलाशी:
भरायचा, आणि तुम्हीच. घर ज्याचं त्याने. हॉटेल, धर्मशाळा, इस्पितळ, होस्टेल, राहतं घर, सगळे त्यात आले. पैसे घेता की फुकट ठेवता याचा काही संबंध नाही. चोवीस तासांत भरायचा, आणि ते तास मोजायचे तो तुमच्या घरी आल्यापासून, मुंबईत उतरल्यापासून नव्हे.

पण लॉगिन आत्ताच मागून ठेवा. घरमालकाच्या नावाने अर्ज करायचा, तो मंजूर झाल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही. मुंबईत झेवियर्स कॉलेजच्या मागे एफआरआरओचं, म्हणजे परदेशी लोकांच्या नोंदणीचं, वेगळं कार्यालय आहे, आपल्याकडे जिल्ह्याचे एसपीच ते काम बघतात, म्हणजे ओरोस.

पासपोर्टचं पहिलं पान, व्हिसा आणि विमानतळावरच्या शिक्क्याचं पान, तिन्हींचे फोटो लेकीकडून व्हॉट्सअ‍ॅपवर मागवा. मी पहिल्या वर्षी एका जर्मन पाहुण्याच्या नंबरात शून्याच्या जागी इंग्रजी ओ टाकला आणि नंतर निस्तरत बसलो. त्यांच्या पासपोर्टच्या नंबरात ओ नसतोच. गोल दिसलं की शून्य.

काळ्या_कोटातली:
पूर्वी हे १९४६ च्या परकीय नागरिक कायद्याखाली होतं. १ सप्टेंबर २०२५ पासून तो आणि आणखी तीन जुने कायदे जाऊन इमिग्रेशन आणि परकीय नागरिकांचा एकच नवा कायदा आलाय. लोक अजून सी फॉर्मच म्हणतात. घरमालकाची जबाबदारी सुटलेली नाही, तेव्हा "घरचाच माणूस" म्हणून सोडून देऊ नका.

एक घोळ नेहमी होतो. १८० दिवसांपेक्षा जास्त मुदतीच्या व्हिसावर येणाऱ्याला १४ दिवसांत स्वतःची नोंदणी करावी लागते, ती वेगळी. पंधरा दिवसांसाठी आलेल्या तुमच्या जावयाला तिची गरज नाही.

इसारकाठची:
मीही म्युनिकलाच असते. काकांना सांगा, इथे घर बदललं की दोन आठवड्यांत सरकारी कार्यालयात नोंद करावी लागते, घरमालकाच्या सहीचा कागद घेऊन. आम्हालाच नाही, खुद्द जर्मन माणसालाही. जावई रागावणार तर नाहीच, उलट पोचपावती मागेल!

निवृत्तबाई:
मंडळी, झालं एकदाचं. लॉगिन चार दिवसांनी मिळालं. गाडी दोन तास उशिरा, घरी पोचले तर लाईट गेलेली. आमच्याकडे रेंज फक्त विहिरीपाशी येते, म्हणून मी आणि लेक विहिरीच्या कठड्यावर छत्री धरून बसलो. तोवर जावई शिडीवर चढून माटवीला नारळ बांधायला लागलासुद्धा. फॉर्मला त्याचा फोटो हवा होता. पहिल्यात नेमकं कपाळावर माटवीचं कवंडाळ (रानफळ) लोंबत होतं, दुसरा काढावा लागला. येण्याचं कारण यादीतून निवडायचं होतं. हे मागून डोकावत म्हणाले, "सासुरवाडी खंय आसा त्यात?" शेवटी टुरिझम टाकलं. गोल दिसलं तिथे शून्य टाकलं.

इसारकाठची, त्याने खरंच पोचपावती मागितली. ह्यांनी दुसऱ्या दिवशी कुडाळला जाऊन दोन प्रिंट काढल्या, एक त्याला दिली, एक घरपट्टीच्या फायलीत लावली.

आता विसर्जनानंतर दोघं दोन दिवस गोव्याला जाऊन परत इथेच येणार आहेत. पुन्हा भरायचा?

तारकर्लीचा_खलाशी:
होय बाई. गोव्यात हॉटेलवाला भरेल, परत आले की तुम्ही. लॉगिन आहेच आता, दहा मिनिटांचं काम. फोटो मात्र माटवी उतरल्यावर काढा.