मदत हवी आहे: बहिणीचं बी.फार्म, मुंबईची सीट आणि दहावीनंतर सुटलेलं गणित

धाकट्या बहिणीला कॅप राउंडमध्ये (सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीत) कलिन्याच्या बॉम्बे कॉलेज ऑफ फार्मसीत बी.फार्मची, म्हणजे फार्मसीच्या डिग्रीची सीट लागली आहे. दुसरीकडे आमच्या तालुक्याजवळच्या एका कॉलेजात इन्स्टिट्यूट लेव्हलला, म्हणजे थेट कॉलेजकडून प्रवेश मिळू शकतो. निर्णय या दोन-तीन दिवसांतच घ्यायचा आहे.

मी डी.फार्म (फार्मसीचा डिप्लोमा) करून गावात मेडिकल चालवतो. नातेवाइकांचं म्हणणं, शेवटी दुकानच सांभाळायचं तर मुलीला एवढ्या लांब कशाला पाठवायचं? मला ते पटत नाही. सुट्टीत ती काउंटरवर बसते तेव्हा खोक्यातला तो घडी घातलेला बारीक अक्षरांचा कागद उलगडून वाचते आणि विचारते, "दादा, ही गोळी लिव्हरमध्ये तुटते म्हणजे नक्की काय होतं?" अशा मुलीने फार्मसी नीट, मुळापासून शिकावी असं मनापासून वाटतं.

पण ती घाबरली आहे. अकरावीला पीसीबी (फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी) घेतल्यामुळे गणित सुटलं आणि पहिल्याच सेमिस्टरला गणित आहे असं तिने ऐकलंय. दहावीपर्यंत सेमी इंग्लिश होतं, त्यामुळे मुंबईच्या मुलांमध्ये मागे पडेन असंही तिला वाटतं. या वाटेने गेलेल्या कुणी तिला खरं काय ते सांगाल का? कलिना भागात मुलींच्या राहण्याची सोय कशी असते, तेही कळवा.

प्रतिसाद

दादा, मीही पीसीबीवालीच, मुंबईतूनच बी.फार्म केलं. गणितासाठी सीट सोडू देऊ नका. त्या विषयाचं नावच रेमेडियल मॅथेमॅटिक्स, म्हणजे राहून गेलेलं गणित भरून काढणारा विषय. आमच्या वेळी आठवड्याला दोन तास आणि एकूण 50 मार्कांचा होता. पीसीएमवाल्यांना (बायोलॉजीऐवजी गणित घेतलेल्यांना) त्याऐवजी रेमेडियल बायोलॉजी. लॉगॅरिदम आणि डेरिव्हेटिव्ह मात्र मन लावून करायला सांगा. पुढे बायोफार्मास्युटिक्स या विषयात औषधाचा हाफ लाइफ (शरीरातलं औषध निम्मं व्हायला लागणारा वेळ) काढताना तेच लागतं.

खरा कस प्रॅक्टिकलला लागतो. दुपारभर उभं राहून टायट्रेशन (थेंब थेंब द्रावण टाकून प्रमाण मोजणं), ब्युरेटमधला म्हणजे मापाच्या काचनळीतला एक थेंब जास्त पडला की रीडिंग पुन्हा. जर्नल वेळच्या वेळी लिहिलं नाही तर सेमिस्टरच्या शेवटी फार हाल होतात. पण तुमच्या दुकानातलं कॅलामाइन लोशन ती फार्मास्युटिक्सच्या लॅबमध्ये स्वतः बनवेल आणि बाटली हलवून का वापरायची हे तिला तिथे कळेल. इंग्रजीची धास्ती आम्हालाही होती. ॲनाटॉमीची नावं सगळ्यांनाच नवीन असतात, अगदी इंग्लिश मीडियमवाल्यांनाही.

नातेवाइकांना एवढं सांगा की एमपीएससीच्या औषध निरीक्षक पदाला डी.फार्म चालत नाही, डिग्रीच लागते. जीपॅट ही प्रवेश परीक्षा देऊन एम.फार्मला (फार्मसीच्या मास्टर डिग्रीला) जायचं तरी आधी बी.फार्म हवंच.

राहण्याचं आधी कॉलेजच्या ऑफिसमध्ये विचारा. तिथे सोय झाली नाही तर सांताक्रूझ पूर्व किंवा कुर्ला पश्चिमेला पीजी बघा. स्वतः जाऊन बघितल्याशिवाय डिपॉझिट देऊ नका.

धागाकर्ता

ताई, मनापासून आभार. तुमचा प्रतिसाद तिला वाचून दाखवला. उद्या सीट ॲक्सेप्ट करून फी भरतोय. पहिल्या सेमिस्टरची जुनी पुस्तकं मुंबईत कुठे मिळतील?