धागा तर धागाच ना? मंग कापसावर लाल काट काहून?

पऱ्हाटीवाला, दारव्हा तालुका
पोरगी नववीत हाये. दृढ ऊतीची (झाडाले टणक करनाऱ्या पेशींच्या गटाची) उदाहरणं म्हणून तिनं नारळाचा काथ्या, अंबाडी आन् कापूस लिहिलं. सरांनी कापसावर काट मारली. खरं म्हणजे कापूस मीच सांगितला होता. आमचे बाबा अंबाडीचा वाख काढून पोळ्याले बैलाइचे दोर वळत, तवा मले वाटलं दोन्ही एकच. आता पोरगी इचारते, "बाबा, वीस वर्सं पऱ्हाटी लावता, अन् कापूस धागा नाही काय?" कोनी समजावून सांगान का?

बांधावरचा
सर म्हणतात तेच लिवाचं. मार्क भेटतात.

कलमवाली, वरुड
सरांचं बरोबर आहे भाऊ. संत्र्याची नर्सरी सुरू करण्याआधी मी वनस्पतिशास्त्रच शिकले, म्हणून सांगते.

बाबा अंबाडी पाण्यात कुजवत, ते आठवा. सालीतल्या पातळ भिंतीच्या पेशी, म्हणजे मूल ऊती, सडून जातात. पेशींना चिकटवून ठेवणारं पेक्टिन जिवाणू खातात. उरतात ते रसवाहिनीलगतचे तंतू: मेलेल्या, जाड भिंतीच्या, लिग्निन (लाकडाला कडक करणारं द्रव्य) चढलेल्या पेशी. एकेक पेशी काही मिलिमीटरचीच, पण टोकं एकमेकींत घुसून जुडगे बनतात, म्हणून हातभर लांब वाख निघतो. ही दृढ ऊती.

कापूस खोडातला नाहीच. तो सरकीच्या कातडीवरचा केस. एक धागा म्हणजे अपित्वचेची, म्हणजे सगळ्यात वरच्या कातडीची, एकच पेशी! फूल पांढरट उमलतं अन् दुसऱ्या दिवशी गुलाबी पडतं ना, त्याच सुमारास बोंडातल्या कोवळ्या बीजाच्या कातडीवरच्या काही पेशी फुगून बाहेर येतात. साधारण तीन आठवडे त्या नुसत्या लांबत जातात. आतली मोठी रिक्तिका, म्हणजे पेशीतली पाण्याची पिशवी, पाण्याच्या दाबानं भिंत ताणत राहते. मग भिंतीवर आतून सेल्युलोजचे थर चढतात. बोंड फुटलं की पेशी वाळते, पोकळी चेपते आणि धागा फितीसारखा पिळतो. त्या पिळामुळेच धागे एकमेकांना धरतात आणि सूत निघतं. वाळल्यावर त्यात 90 टक्क्यांहून जास्त सेल्युलोज असतं, लिग्निन जवळपास नाहीच.

त्या लांबायच्या दिवसांत पावसानं दडी मारली तर धागा आखूड राहतो. कोरडवाहूवाल्याला हे मी काय सांगावं!

शाळेत कांद्याची पेशी पाहायला सूक्ष्मदर्शक लागतो. ही मात्र पोरीला पट्टीवर मोजता येईल.

पऱ्हाटीवाला
मोजली ताई. एका सरकीचा धागा हळूच उपटून पट्टीवर ठेवला, 28 मिलिमीटर भरला. पोरगी म्हनते, "बाबा, तुमी क्विंटलनं पेशी इकता." सरांचा राग गेला तिचा. एक राह्यलं: रुई काढल्यावरबी सरकीवर बारीक लव राह्यते. आमी ते शेण-मातीत घोळून पेरत होतो, नाही तं बिया एकमेकीले चिकटत. थे काय?

कलमवाली, वरुड
त्याही त्याच कातडीच्या पेशी, फक्त काही दिवस उशिरा निघालेल्या. म्हणून आखूडच राहतात.