फ्रेडीचा शेवटचा आवाज

लाईव्ह एड या मदतनिधीसाठीच्या मैफलीत क्वीन या ब्रिटिश रॉक बँडने गाजवलेल्या त्या २१ मिनिटांबद्दल सगळे भरभरून लिहितात, अगदी खरंय, लंडनच्या वेम्बली स्टेडियमवरचं १९८५ चं ते गाणं-वाजवणं कितीही वेळा बघितलं तरी अंगावर काटा येतोच. पण मला क्वीन म्हटलं की आधी 'मदर लव्ह' हे गाणं आठवतं. १९९१ च्या मे महिन्यात स्वित्झर्लंडमधल्या माँट्रोच्या स्टुडिओत क्वीनचा गायक फ्रेडी मर्क्युरी ते गात होता, आजारपणामुळे धड उभंही राहवत नव्हतं, बँडचा गिटारवादक ब्रायन मे शब्द लिहून देईल तशी एकेक ओळ रेकॉर्ड करायची असं चाललेलं. शेवटचं कडवं राहिलं, नंतर करू म्हणून तो थांबला आणि ते 'नंतर' आलंच नाही, २४ नोव्हेंबरला तो गेला. १९९५ मध्ये 'मेड इन हेवन' हा अल्बम आला त्यात ते कडवं ब्रायनने गायलंय. हेडफोन लावून ऐका एकदा, फ्रेडीचा आवाज वर चढतो, केवढी ताकद आहे त्यात अजूनही, आणि मग पुढच्या कडव्याला एकदम दुसराच हळवा आवाज येतो. तिथे माझा घसा दाटतो, दर वेळी.

आणि हो, आपल्या पाचगणीचा उल्लेख तर करायलाच हवा. झांझिबारला जन्मलेला हा पारशी मुलगा, फारुख बुलसारा म्हणजेच आपला फ्रेडी, आठव्या वर्षी सेंट पीटर्सच्या बोर्डिंगमध्ये आला, तिथेच 'द हेक्टिक्स' नावाच्या शाळकरी बँडमध्ये पियानो वाजवायचा. टेबललँडला गेलं की हे आठवतंच आणि फार आपलं वाटतं.