मदत हवी आहे: ‘स्टेशन’मधला स्‌ अक्षराबाहेरचा का?

एम.ए.च्या छोट्या प्रकल्पासाठी विचारतोय. ठाणे ‘स्टेशन’ रोजचंच, पण त्यातला स्‌ छळतोय. अक्षराच्या (लिपीतलं नव्हे, उच्चारातलं, म्हणजे सिलॅबल) सुरुवातीला मुखरता, म्हणजे ध्वनीचा ठळकपणा, स्वराकडे जाताना चढत जावी अशी अपेक्षा. इथे स्‌ हा ट्‌पेक्षा जास्त मुखर, म्हणून काही अभ्यासक त्याला अक्षररचनेबाहेर ठेवतात. संस्कृतात पुरावा झकास आहे: द्विरुक्तीत, म्हणजे धातूचा आरंभ पुन्हा येतो तेव्हा, ‘स्मृ’चं ‘सस्मार’ (स्‌ पुन्हा येतो), पण ‘स्था’चं ‘तस्थौ’ (स्‌ वगळून त्‌ येतो). पाणिनीने त्यासाठी सूत्रच दिलंय (७.४.६१).

मराठीत ‘चहाबिहा’सारखं ‘बि’ लावून पाहिलं. ‘स्टेशनबिशन’, ‘स्मरणबिरण’, दोन्हीकडे स्‌सकट पहिलं अक्षर उडतं, फरक शून्य. ‘टेशन’ म्हणणारे शेजारी भेटले, पण एवढ्यावर काय सिद्ध होणार?

हाताशी प्रयोगशाळा नाही, फक्त लॅपटॉपवर प्राट (ध्वनी तपासायचं सॉफ्टवेअर) आणि घरचे-शेजारचे बोलणारे. ‘स्ट’ आणि ‘स्म’ वेगळे वागतात हे दाखवणारी मराठीतली कोणती प्रक्रिया तपासू?