विषय: डिसेंबरात पुणं – इमारती बघायची फेरी, कोण कोण येणार?

प्रेषक: सचिव, सहल समिती

नमस्कार मंडळी,

नाताळच्या सुट्टीत आपल्या परदेशातल्या मंडळातली बरीच कुटुंबं दरवर्षीप्रमाणे पुण्यात असणार. लग्नं, मुंजी आणि लक्ष्मी रोडची खरेदी यातून एक दिवस काढून सगळ्यांनी मिळून शहरातल्या नावाजलेल्या इमारती बघाव्यात, असं समितीत ठरलं. मिनीबस करू. यादी अशी: शनिवारवाडा, विश्रामबागवाडा, केळकर संग्रहालय, मंडई, लाल देऊळ, आगाखान पॅलेस, डेक्कन कॉलेज, विद्यापीठाची मुख्य इमारत, आयुका (खगोलशास्त्राची संशोधन संस्था), आणि जमलं तर एखाद्या आर्किटेक्टचा स्टुडिओ. सकाळी आठला निघू, संध्याकाळी सातपर्यंत परत.

सूचना याच मेलवर कळवा. मला एकट्याला व्हॉट्सअ‍ॅपवर गाठू नका, हात जोडून विनंती.

– सचिव

*

प्रेषक: ताई, बाणेर (मंडळाच्या माजी खजिनदार, आता कायमच्या पुण्यात)

सचिवसाहेब,

यादी चांगली आहे, पण एका दिवसात एवढं म्हणजे अष्टविनायक एका दमात उरकण्यासारखं झालं. अर्धा दिवस बसच्या खिडकीतून दुसऱ्या बसची खिडकी बघण्यात जाईल. गेल्या काही वर्षांत विद्यापीठ चौकातून संध्याकाळी गेला असाल तर मी काय म्हणते ते कळेल.

मी जन्म ड्रॉइंगच्या टेबलाशी काढला, म्हणून जरा अधिकाराने बोलते. पुण्यातली चांगली इमारत रस्त्यावरून कळत नाही. बाहेरून भिंत, एक दरवाजा, वाकून जायची दिंडी, अंधारी देवडी. आणि मग एकदम डोक्यावर आभाळ घेऊन चौक. खरी इमारत तिथून सुरू होते. म्हणून दहा ठिकाणी उतरून फोटो काढण्यापेक्षा चार ठिकाणी आत जाऊन निवांत बसू या.

शनिवारवाडा बाहेरूनच बघा असं माझं मत. पायाभरणी १७३० ची, पण १८२८ च्या आगीत आतलं सगळं गेलं. राहिले ते तट, जोती आणि कारंज्यांचे हौद. दिल्ली दरवाजाचे खिळे आणि वरचा नगारखाना एवढ्यासाठी पंधरा मिनिटं पुरतात. त्यापेक्षा विश्रामबागवाड्याला वेळ द्या. दुसऱ्या बाजीरावाने बांधलेला, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीचा. समोरच्या फुटपाथवर उभं राहून दर्शनी सज्जा बघा: सुरूच्या झाडासारखे वर निमुळते होत गेलेले लाकडी खांब. लोक त्याच्याखालून रिक्षा शोधत जातात, मान वर करत नाहीत.

याच वाड्यात १८२१ मध्ये इंग्रजांनी संस्कृत पाठशाळा काढली. तीच वाढत वाढत पुढे डेक्कन कॉलेज झाली आणि १८६० च्या दशकात येरवड्याच्या टेकाडावर दगडी गॉथिक इमारतीत गेली. ती इमारत हेन्री सेंट क्लेअर विल्किन्स या लष्करी इंजिनिअरची. तुमच्या यादीतलं लाल देऊळ, म्हणजे कॅम्पातलं ओहेल डेव्हिड सिनेगॉग, ज्यूंचं प्रार्थनास्थळ, तेही त्याचंच. १८६७ मध्ये ज्यू व्यापारी डेव्हिड ससून यांच्या पैशातून पुरं झालं, त्यांची कबरही शेजारीच आहे. लांबून कुणालाही चर्च वाटावं असा विटांचा लाल मनोरा. तिथे आधी परवानगी घेतल्याशिवाय दारात जाऊन हुज्जत घालू नये.

आता आयुका. आर्किटेक्ट चार्ल्स कोरिया यांचं काम, आणि संस्था उभी करणाऱ्या नारळीकर सरांसारखा घर बांधून घेणारा. असा योग वारंवार येत नाही. तिथे गेल्यावर पहिल्यांदा कुंपणाची भिंत बघा, पुतळे नंतर. खाली आपला पुण्याचा काळा दगड. त्याच्यावर कडप्पा, आणखी काळा. आणि सगळ्यात वर गुळगुळीत काळा ग्रॅनाइट, ज्यात आभाळ दिसतं. काळ्यावर काळं, त्याच्यावर काळं, आणि शेवटी भिंत कुठे संपते तेच कळत नाही. अंतराळाचा अभ्यास करणाऱ्यांच्या दाराशी आणखी काय हवं? आत मधोमध कुंड आहे, पायऱ्यापायऱ्यांनी उतरत गेलेला चौक. दुसऱ्या चौकात आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन आणि आइन्स्टाइन. शिवाय फुकोचा लंबक, मुलांना पृथ्वी फिरते हे डोळ्यांनी दाखवायला. कुंडाच्या पायरीवर बसलं की विश्रामबागवाड्याचा चौक आठवतो की नाही, ते मला सांगा.

कोरियांचंच एक लहान काम आगाखान पॅलेसच्या आवारात आहे, कस्तुरबा आणि महादेवभाई देसाई यांच्या समाधीचं. साठच्या दशकातलं, अगदी अबोल. पॅलेसच्या इटालियन कमानी बघून दमलेले लोक तिथपर्यंत चालत जात नाहीत.

स्टुडिओचं विचाराल, तर आर्किटेक्ट ख्रिस्तोफर बेनिंजर १९७६ मध्ये पुण्यात आले ते इथलेच झाले; २०२४ मध्ये गेले. बालेवाडीचं ‘इंडिया हाऊस’ म्हणजे त्यांचं राहतं घर आणि ऑफिस एकाच छताखाली होतं, तेही चौकाभोवतीच. तिथे काम चालू असतं, त्यामुळे मंडळाच्या लेटरहेडवर रीतसर पत्र पाठवा. ‘आम्ही पन्नास जण उद्या येतोय’ असा फोन नको.

– ताई

*

प्रेषक: नारायण पेठेतले काका

ताई,

वाचून बरं वाटलं, पण चौकाचं एवढं कौतुक करणाऱ्यांनी बारा बिऱ्हाडांच्या वाड्यात राहून बघावं. आमच्या चौकात नळ एक, तोही पहाटे. त्यावरून जी भांडणं व्हायची त्यात ‘अवकाशाचा अनुभव’ वगैरे काही नव्हता. संडास मागच्या चौकात, आणि पावसाळ्यात तिथपर्यंत छत्री घेऊन जायचं. वाडा पाडून तिथे अपार्टमेंट झालं तेव्हा माझ्या आईने पेढे वाटले. वाडे गेले म्हणून परदेशात बसून उसासे टाकणाऱ्यांना हे कुणीतरी सांगायला हवं.

आणि वाडे का गेले? १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी गोठली. मालकाला महिन्याला जे मिळायचं त्यात एक वासा बदलणं जमायचं नाही. भाडेकरू म्हणायचा, घर तुमचं, तुम्ही दुरुस्त करा. मालक वाट बघायचा, कधी पडतंय. नदीकाठच्यांना तेवढीही वाट बघावी लागली नाही, १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं आणि मातीच्या भिंती एका दिवसात बसल्या.

एवढं बोलून झाल्यावर, तुमच्या दोघांच्याही यादीत नाही ते एक सांगतो. सोमवार पेठेत नागझरीजवळ त्रिशुंड गणपतीचं देऊळ आहे. भीमगिरजी गोसावी यांनी १७५४ मध्ये काम सुरू केलं, १७७० मध्ये गणपती बसला. पेशव्यांच्या काळातली पुण्यातली बहुतेक देवळं दगड, वीट, चुना आणि लाकडाची, साधी. हे मात्र पुरं काळ्या दगडात, दर्शनी भिंत नखशिखांत कोरलेली. गणपती तीन सोंडांचा आणि मोरावर बसलेला. पण खरी गंमत दाराबाहेर: बंदूकधारी शिपाई गेंड्याला साखळदंडाने बांधताहेत. पुण्यात, गेंडा! प्लासीच्या लढाईनंतर इंग्रजांनी बंगाल घशात घातला त्याची ही खूण, असं काही जण मानतात. अर्थ काहीही लावा, कारागिराने गेंड्याच्या कातडीच्या घड्या अशा काढल्यात की हात लावून बघावंसं वाटतं. लावू नका. आत संस्कृतच्या जोडीला फारसी शिलालेखही आहे.

रस्ता अरुंद आहे, मिनीबस जायची नाही. चाला.

– काका

*

प्रेषक: वेबसाइट सांभाळणारा

काका, ताई, दोघांनाही नमस्कार.

बस नकोच. स्वारगेटपर्यंतची भुयारी मेट्रो सप्टेंबर २०२४ पासून चालू आहे. मंडईला उतरलं की रे साहेबाची (तेव्हाचे मुंबईचे गव्हर्नर) १८८६ ची मंडई समोरच, आठ कोनी मनोरा आणि खाली भाजी. विश्रामबागवाडा तिथून चालत. सोमवार पेठेपर्यंत ज्येष्ठांनी रिक्षा करावी.

आणखी एक: स्टुडिओ बघायचा तर प्रभात फिल्म कंपनीचा का नाही? १९३३ मध्ये कंपनी कोल्हापूरहून पुण्यात आली, १९६० मध्ये त्याच जागेत फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली. आमच्या आजीला त्यातच जास्त रस आहे. कोरिया कोण ते तिला मी अजून सांगितलेलं नाही.

*

प्रेषक: ताई, बाणेर

काका, तुमच्या नळाबद्दल वाद नाही. चौक उत्तम आणि मोरी भिकार, हे दोन्ही एकाच घरात असू शकतं. कोरियांनी चौक घेतला, बारा बिऱ्हाडं घेतली नाहीत, म्हणूनच तो आज जमतो. आणि जिथे अजून माणसं राहतात त्या वाड्यांत आपण शिरायचं नाही, एवढं मात्र सगळ्यांनी पाळा. कुणाच्या वाळत घातलेल्या साड्या म्हणजे आपलं प्रदर्शन नव्हे.

त्रिशुंड पहिल्या दिवशी घेऊ, सकाळी लवकर. गेंडा काकांनी स्वतः दाखवायचा, ही अट.

– ताई

*

प्रेषक: सचिव, सहल समिती

मंडळी,

दोन दिवस केले. पहिला दिवस पेठांचा, पायी: त्रिशुंड, शनिवारवाडा बाहेरून, विश्रामबागवाडा, मंडई. दुसरा दिवस गाड्यांनी: सकाळी आगाखान पॅलेस, दुपारी प्रभात, संध्याकाळी उजेड असेपर्यंत आयुका. डेक्कन कॉलेज, विद्यापीठ, केळकर संग्रहालय ज्याने त्याने आपापलं करावं. लाल देऊळ आणि इंडिया हाऊसला पत्रं आजच पाठवतो; होकार आला तर दुसऱ्या दिवशी बसवू.

पत्रासोबत नावं द्यावी लागतील. येणाऱ्यांनी पासपोर्टवर आहे तसंच पूर्ण नाव रविवारपर्यंत कळवावं. ‘बंड्या आणि मंडळी, पाच’ असं लिहून पाठवणाऱ्यांनी पुन्हा पाठवावं.

– सचिव