महिला सभेत बोलतात, ग्रामसभेत का गप्प?

प्रश्न: आमच्याकडे महिला सभेला बायका पाणी, रेशन सगळ्यावर बोलतात. ग्रामसभेत मात्र दारापाशी बसून राहतात. 'बायकांना हिशेबातलं काय कळतं' हे ठरलेलंच. काय करता येईल?

उत्तर १: ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम 7 नुसार ग्रामसभेआधी महिला सभा घ्यावीच लागते. गोची इतिवृत्तात, म्हणजे सभेच्या लेखी नोंदीत, होते. रजिस्टर घरोघर फिरवून सह्या घेतल्या की कागदावर सभा झाली! म्हणून ठराव सभेतच लिहून घ्या, सूचक (ठराव मांडणारी) आणि अनुमोदक (पाठिंबा देणारी) दोन्ही बायकांची नावं घाला, शेवटच्या ओळीखाली लगेच सह्या. मग इतिवृत्ताची नक्कल मागा, अर्जाची पोच घेऊन.

उत्तर २: विषयपत्रिका बघा. बचत गट आणि हळदीकुंकू 'महिलांचे विषय', वित्त आयोगाचा निधी (केंद्राकडून ग्रामपंचायतीला मिळणारा पैसा) 'गावाचा'. ही वाटणीच मुळात चूक. महिला सभेत निधीचा खर्च मागा: काम, मंजूर रक्कम, झालेला खर्च, तीन रकाने पुरेत. आकडा हातात असला की 'तुम्हाला काय कळतं' म्हणणाऱ्याची पंचाईत होते.

उत्तर ३: बसायची जागाही बदला. माईक पुढे, बायका मागे, म्हणजे उठून सगळ्या पुरुषांमधून जायचं. कोण जाईल? तिघी-चौघी पुढच्या रांगेत बसवा. पहिली ठराव वाचेल, दुसरी लगेच अनुमोदन देईल. मधे गॅप पडला की कोणीतरी विषय पळवतो. आणि सरपंच बाई असतील तर उत्तर त्यांच्याकडूनच मागा. त्यांचे यजमान (नवरा) बोलायला उठले तर 'प्रश्न सरपंचांना आहे' एवढंच म्हणायचं.

प्रश्नकर्ती: नक्कल मिळायला टाळाटाळ झाली तर?

उत्तर १: माहिती अधिकार. 30 दिवसांत उत्तर द्यावंच लागतं.