सोलापुरात जुनी स्पोर्ट्स कार: घ्यावी की नुसती बघावी?

होटगीरोडकर
गणित मांडतो, पटलं नाही तर खोडा. ऑडीच्या टीटी या दोन दारांच्या स्पोर्ट्स कारचं नवं मॉडेल २०१५ ला आपल्याकडे आलं तेव्हा एक्स-शोरूमच साठ लाखांच्या वर होतं. आज तीच गाडी निम्म्याच्या आसपास मागतात. मधली घट पहिल्या मालकानं सोसली. दोन लिटर टर्बो पेट्रोल, २३० पीएस ताकद, आणि क्वाट्रो, म्हणजे ताकद चारही चाकांना. २०२३ मध्ये टीटीचं उत्पादनच थांबलं, म्हणजे नवी मिळायचा प्रश्नच नाही. त्याच पैशात नवी एसयूव्ही घेऊन सात रस्त्याच्या सिग्नलला तसल्याच दुसऱ्या एसयूव्हीच्या मागं उभं राहायचं असेल तर खुशाल राहा. माझं मत, घ्यावी. बिनधास्त.

कडक_भाकरी
काय मालक, गाडीची किंमत निम्मी झाली म्हणून हेडलाइटची पण झाली का? पार्ट साठ लाखांच्या गाडीचेच येतात. आणि दुरुस्तीला पुणे गाठायचं तर अडीचशे किलोमीटर. क्वाट्रो बंद पडली तर पुढची दोन चाकं उचलून ओढत नेता येत नाही, फ्लॅटबेडच लागतो, अख्खी गाडी वर चढवून नेणारा ट्रक. रात्री अकराला टेंभुर्णीजवळ फ्लॅटबेड शोधून दाखवा, मग बिनधास्त म्हणा.

विजापूर_वेस
भाकरीसाहेब, इंजिन काय आभाळातून पडलंय का? स्कोडा ऑक्टाव्हिया व्हीआरएसच्याच घराण्यातलं दोन लिटर टर्बो पेट्रोल आहे, खालचा प्लॅटफॉर्म पण तोच. त्यातलं कळणारे स्वतंत्र गॅरेजवाले पुण्यात आहेत.

कडक_भाकरी
इंजिन ऑक्टाव्हियाचं, मान्य. दरवाजा, काच, बंपर? मीटरचं काय? टीटीत मधे वेगळा स्क्रीन नाहीच, नकाशापासून गाण्यापर्यंत सगळं स्टिअरिंगमागच्या १२.३ इंची डिस्प्लेवर. तो गेला की स्पीड पण दिसणार नाही. वर मे महिन्यात आपल्याकडं पारा बेचाळीसच्या पुढं, गाडी पत्र्याच्या शेडखाली. रबर आणि प्लॅस्टिकचं काय होतं ते सोलापूरकराला सांगायला नको.

जुना_मिस्त्री
दोघंबी कागदावर भांडलालाव. गाडी बघायला जाताना आदल्या दिवशी विकणाऱ्याला सांगायचं, मी येईपर्यंत स्टार्टर मारू नका. गेल्या गेल्या बॉनेटवर हात ठेवा. कोमट लागलं तर काहीतरी लपवलालेत, थंड इंजिनचा आवाज तुम्हाला ऐकू द्यायचा नाही. मग टायरच्या बगलेवरचे चार आकडे वाचा. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. असल्या गाड्या कमी फिरतात, त्यामुळं नक्षी नव्यासारखी दिसते आणि रबर मात्र दगड झालेलं असतं. पावसात ब्रेक मारला की कळतं. तिसरं, ड्युअल क्लचचं, म्हणजे दोन क्लचच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल. या गिअरबॉक्सला साठ हजार किलोमीटरला बदलावं लागतं, क्वाट्रोत मागच्या चाकांना ताकद देणाऱ्या कपलिंगचं तेल वेगळं. ते वेळेवर झालेलं नसेल तर गाडी कितीबी चकाचक असू द्या, सोडून द्या.

जुळे_सोलापूर
दिल्लीच्या गाड्या अजून स्वस्त दिसतात, त्याचं काय?

विजापूर_वेस
दिल्लीत १५ वर्षांपुढच्या पेट्रोल गाड्यांवर बंधनं आली होती, पण २०१५ ची गाडी तेवढी जुनी नाही, तेव्हा नुसत्या विकायच्या घाईनं भाव पडलाय असं समजू नका. तिथल्या आरटीओची एनओसी, कर्ज असेल तर बँकेची वेगळी. मग एमएच-१३ चा नंबर घेताना इथला वन-टाइम टॅक्स भरावा लागतो, गाडीच्या वयाप्रमाणे कमी होतो, पण भरावाच लागतो. परराज्याच्या पाटीवर १२ महिन्यांपेक्षा जास्त फिरवता येत नाही. हे सगळं मिळवून बघा, पुण्या-मुंबईची गाडी बरी पडते.

कडक_भाकरी
आणि मागची सीट? घरच्यांना घेऊन तुळजापूरला निघालात तर मागं बसणार कोण? तिथं लहान पोरगं कसंबसं मावतं. गल्लीतल्या गतिरोधकावर खालून घासली तर तो आवाज काळजातच जातो.

होटगीरोडकर
तुळजापूरला घरची दुसरी गाडी आहे की! गतिरोधक तिरका घेतला की बऱ्यापैकी निघते.

कडक_भाकरी
दुसरी गाडी दारात असताना सल्ला द्यायला काय जातंय! जुळे सोलापूरवाल्यांकडं एकच असली तर?

जुळे_सोलापूर
एकच आहे. ती विकूनच घ्यायची होती.

होटगीरोडकर
मग थांबा भाऊ. हौसेची गाडी रोजच्या गाडीच्या जागी नको, एवढं भाकरीसाहेबांचं मान्य. दोन्ही ठेवायची ऐपत असेल तर मात्र माझं मत कायम. मिस्त्रीकाका, तेल बदलल्याचं खरं-खोटं कसं कळणार?

जुना_मिस्त्री
चासी नंबरवरनं सर्व्हिसच्या नोंदी काढून मागा. विकणारा कां-कूं करायला लागला तर चहा पिऊन परत या.